चौथा खांदा

राजकुमारला गाडीनं उडवलं तेव्हा मी फाट्यावरच्या निवाऱ्यात एसटीची वाट बघत बसले होते. सकाळची वेळ होती. तो मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवून नेहमीसारखा बुलढाण्याला निघाला होता. मला पाहून त्यानं गाडी हळू केली.

"काकू, गुडघा दाखवाले चालली का? चाल, बस कॅनवर."

"तुह्या कॅनवर बसली त दूध नासन," मी म्हटलं. तो हसला आणि पुढं गेला.

समोरून पांढरी पिकअप आली. मध्ये कुत्रं आलं की खड्डा चुकवला, मला सांगता येणार नाही. आवाज झाला. मोटरसायकल डांबरावर घासत माझ्याकडे आली आणि एक कॅन माझ्या पायाशी थांबून भकाभका दूध ओकू लागला. राजकुमार नालीच्या काठाला पडला होता.

पिकअपवाला पळाला नाही. हे मी पोलिसांना सांगितलं आहे, आणि कुणीही विचारलं तर पुन्हा सांगेन. रस्ता मोकळा होता, पळायचं असतं तर तो पळाला असता. बारीक अंगाचा, तिशीतला मुलगा. त्यानं उडी टाकली, गळ्यातला दुपट्टा काढला आणि राजकुमारच्या मांडीला करकचून बांधला. मांडी फाटली होती, रक्त दुपट्ट्यातून लगेच वर आलं.

"बुढे माय, पाणी दे," तो मला म्हणाला. मी बाटली दिली. राजकुमार शुद्धीवर होता. त्यानं घोटभर पाणी पिऊन त्या मुलाच्या गळ्यात हात टाकला. मुलगा म्हणत होता, "धीर धर भौ, आता नेतो दवाखान्यात." आणि त्यानं राजकुमारला लेकरासारखं उचललं.

तेवढ्यात गाव आलं. चहाच्या हॉटेलातून, शाळेच्या बाजूनं, वावरातून. सगळ्यांच्या पुढं रंगराव होता, राजकुमारचा मोठा भाऊ. त्याच्या हातात कुदळीचा दांडा होता. त्यानंतर मला माणसांच्या पाठीच दिसल्या. मी ओरडत होते की अरे, तो उचलून राह्यला, त्याले मारू नका. म्हातारीचा आवाज त्या गलक्यात कुठं जातो.

मारामाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांची डोकी कुऱ्हाडीनं फोडलेली मी तरुणपणी पाहिली. पण त्या माणसांना माहीत असायचं की आपण कुणाला मारतो आणि कशासाठी. इथं शाळेतली पोरं धावत यायची, एक लाथ घालायची आणि परत जायची, देवळात शिरताना घंटा वाजवावी तशी. कुणी दगड घेतला, कुणी चप्पल. एकानं पायातला बूट काढून टाचेनं त्या मुलाच्या तोंडावर मारलं. दोघं मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. मग दहा-बारा जणांनी मिळून पिकअप आडवी केली. टमाट्याचे कॅरेट रस्त्यावर फुटले, आणि कुणी काडी लावली ते आजपर्यंत कुणालाच माहीत नाही.

ज्या गाडीतून राजकुमार दवाखान्यात जाणार होता, ती जळत होती. दोन्ही बाजूंनी वाहनं तुंबली. राजकुमार त्या जाळापासून थोड्या अंतरावर जमिनीवर पडला होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याची बायको रुपाली घरून धावत आली, तेव्हा तिनं आणि मी त्याला ओढत सावलीला नेलं. तेव्हा मी पाहिलं, त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता आणि हाड कातडीबाहेर आलं होतं.

रुग्णवाहिका पोचायला फार वेळ लागला. आली तेव्हा एकच होती. राजकुमार आणि तो पिकअपवाला, दोघांना शेजारी शेजारी टाकलं. रुपाली मध्ये बसली. एकाचा पाय तिच्या एका मांडीवर आणि दुसऱ्याचं डोकं दुसऱ्या मांडीवर, अशी ती बुलढाण्यापर्यंत गेली.

राजकुमारची आई गीताबाई आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन देऊळघाटात आलो. तेव्हा या रस्त्याला मुरूम होता आणि दोन्ही कडांना कडुनिंब. आमची घरं समोरासमोर, आजही आहेत. गीताबाईच्या अंगावरची हळद उतरली नव्हती तेव्हाची गोष्ट. गावच्या मोठ्या जमीनदाराच्या दमणीचे बैल उधळले आणि चाक तिच्या नवऱ्याच्या, पंजाबरावच्या पायावरून गेलं. लोकांनी आमच्या घरातली बाज आणली, त्यावर त्याला निजवलं आणि चौघं खांद्यावर घेऊन बुलढाण्याला निघाले. पहिला खांदा त्या जमीनदाराचा होता. रेशमी फेटा काढून ठेवून तो अनवाणी चालला. माणसं बदलत होती, तो बदलला नाही. गीताबाई बाजेच्या पुढं धावत वाटेतले खडे पायानं बाजूला सारत होती, कुणाला ठेच लागू नये म्हणून.

आमच्याकडे तशी रीतच होती. ज्याच्या हातून लागलं, त्यानं बाजेला खांदा द्यायचा आणि तो माणूस उठेपर्यंत त्याचं घर सांभाळायचं. दुसऱ्या गावांत जिवंत माणसाला खांदा देणं अशुभ समजत, आमच्याकडे न देणं अशुभ. पंजाबरावचं शेत त्या वर्षी जमीनदाराच्या गड्यांनी पेरलं. तो माणूस काही देव नव्हता, एरवी गड्यांना चाबकानं मारायचा. पण बाज उचलली त्यानं.

पंजाबराव पुढं बऱ्याच वर्षांनी वारला, तेव्हा राजकुमार रांगत होता. रंगरावनं त्याला खांद्यावर बसवून वाढवलं. स्वतः शाळा सोडली, त्याला शिकवलं, त्याचं लग्न केलं, दुधाच्या धंद्याला मोटरसायकल घेऊन दिली. रंगरावला स्वतःचं मूल नाही, बायको लवकर गेली. राजकुमारची मुलगी छकुली त्याच्याच ताटात जेवायची. हे सांगते, कारण त्या सकाळी त्याच्या हातात दांडा का आला ते कळावं.

राजकुमारला बुलढाण्याहून अकोल्याला हलवलं. सरकारी कार्डावर पहिलं ऑपरेशन झालं. पण कार्डात न बसणाऱ्या गोष्टी इतक्या निघाल्या की कार्ड कशासाठी होतं हेच आम्ही विसरलो. बाहेरून आणायची औषधं, पायाच्या बाहेरून लावायची सळ्यांची चौकट, रक्त, गाडीभाडं, तिथं राहणाऱ्याचं जेवण. एक म्हैस गेली. दुसरी गेली. रुपालीच्या गळ्यात काळे मणी राहिले, सोनं गेलं.

तिकडे पिकअपवाल्याचा डावा डोळा गेला. त्याचं नाव दीपक, अमडापूरचा. पोलिसांनी शूटिंग पाहून माणसं उचलली. शूटिंगमध्ये पहिला दांडा रंगरावचा होता. तो महिनाभर आत राहिला. त्याला जामिनावर सोडवायला शेतातला नदीकडचा तुकडा विकावा लागला.

फाट्यावरचा किराणावाला रामराव त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, "भिऊ नको रंगराव, गाव तुह्या पाठीशी हाये." वकिलासाठी वर्गणी मागायला गीताबाई त्याच्याकडे गेली, तेव्हा तो म्हणाला, "काकू, माहंच नाव त्यात येते का काय, याचा मले घोर लागला. तुम्ही दुकानात येत नका जाऊ काही दिवस."

मग अकोल्याहून निरोप आला. हाडात पू झाला होता. आता दुसरं ऑपरेशन लवकर झालं तर पाय राहील, नाहीतर कापावा लागेल. त्याच आठवड्यात वकील म्हणाला की दीपकच्या घरचे डोळ्याच्या खर्चावर राजी झाले आणि त्यानं कोर्टात नरम जबाब दिला, तर रंगराव वाचेल, नाहीतर काही वर्षं जाईल. नदीकडच्या तुकड्याचे जामिनातून उरलेले पैसे घरात होते. ते एकाच कामाला पुरणार होते.

त्या दुपारी मी त्यांच्या ओट्यावर होते. रुपाली कपडे न्यायला अकोल्याहून आली होती. ती मोठ्या दिराशी समोरासमोर बोलत नसे, सासूला मध्ये घालून बोलायची.

"आत्याबाई, इचारा तुमच्या मोठ्या लेकाले. त्याहिचे हात सोडवाले माह्या नवऱ्याचा पाय इकता काय?"

"मी कधी म्हणलं?" रंगराव खाली बघत म्हणाला. "पैसे पायालेच लागतीन. मी जातो जेलात."

गीताबाईनं मग राजकुमारला फोन लावायला सांगितला. सगळ्यांना ऐकू येईल असा फोन ठेवला. राजकुमारचा आवाज थकलेला होता. "माय, दादाले पह्यले सोडव. पायाचं पाहू मांगून."

"मांगून काय पाहता?" रुपाली फोनकडे बघून म्हणाली. "कापलेला पाय पाहता?"

"दादाले जेलात पाठवून मी चालू काय?"

रुपालीनं फोन उचलून भिंतीवर आपटला. काच रंगरावच्या पायाशी पडली. रंगराव उठला आणि तिच्या अंगावर धावला, पण तिच्यापर्यंत न जाता त्यानं दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. एकदा, दुसऱ्यांदा. कातडी फुटेपर्यंत. छकुली आत रडू लागली. गीताबाईनं त्याचे केस धरून त्याला मागं ओढलं.

"बस कर. घरात आणखी एक दवाखाना नको," ती म्हणाली. "उद्या अमडापूरला जाऊ. ज्याचा डोळा गेला त्याच्या घरी आपण पाय नाही ठेवला अजून. त्याचं तोंड पाहतो, मग ठरवतो." आणि मला म्हणाली, "तू चाल. तू पाह्यलं होतं, तो पळाला नाही."

बुलढाणा, चिखली करत आम्ही तिघं एसटीनं गेलो. पैसे गीताबाईच्या कमरेला, लुगड्याच्या ओच्यात बांधलेले. रंगरावच्या कपाळाला चिंधी.

दीपकचं घर टेकडीच्या अलीकडं, दोन खणांचं. अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग होता आणि त्याची आई तानुबाई चुलीसाठी त्या मोडत होती. आम्ही कोण ते गीताबाईनं सांगितलं. रंगरावकडे बोट करून म्हणाली, "हा माहा मोठा लेक."

तानुबाई उठली. हातातली पऱ्हाटी तिनं रंगरावच्या तोंडावर मारली. कापसाची वाळलेली काडी ती, खरबरीत, बोंडाच्या काट्यांची. त्याचा गाल ओरबाडून निघाला. ती मोडली तशी तिनं दुसरी उचलली. मग तिसरी. मान, कान, हात. ती मारत होती आणि तोंडानं एकच विचारत होती, "डोळा काऊन काढला बे? काऊन काढला?" रंगराव हात खाली सोडून उभा होता. शेजारच्या बाया दारात आल्या, कुणी तिला आवरलं नाही. मीही नाही.

"माय, राहू दे," आतून आवाज आला. दीपक दारात आला. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, ओठाची एक बाजू शिवल्यानं वर ओढलेली. त्यानं मला ओळखलं. "पाणी देणारी बुढी माय हे," असं तो आईला म्हणाला. मग त्यानं गीताबाईला विचारलं, "तुमच्या पोराचा पाय कसा हाये?"

"सडून राह्यला," गीताबाई म्हणाली. "बाबू, तुही गाडी होती. पण तू पळाला नाही, हे मले हिनं सांगतलं."

दीपक ओट्यावर बसला. "मावशी, गाडीनं त्याची मांडी फाटली. पाय नाही मोडला गाडीनं."

"मग?"

"पाय सरळ होता त्याचा. सोताच्या बळानं माह्या गळ्यात हात टाकला त्यानं. मी त्याले गाडीच्या मांगच्या फाळक्यावर ठेवतच होतो. त्याचा पाय फाळक्याच्या साखळीत गेला, तेवढ्यात माह्या मानेवर मांगून दांडा बसला. तो माह्या हातातून सुटला. अंग खाली, पाय वर अडकलेला. ऊस मोडावा तसा आवाज आला आन पाय साखळीतून निसटला. तो वरडला, 'दादा, मारू नको.' मग मले दुसरा दांडा बसला."

रंगराव म्हणाला, "मले वाटलं..." आणि थांबला. मग पुन्हा म्हणाला, "मले वाटलं, तू त्याले गाडीत टाकून घाटात फेकाले नेऊन राह्यला. मांगच्या साली एका ट्रकवाल्यानं उडवलेला माणूस नेलता तसा. दवाखान्यात नेतो म्हणून नेलं, आन घाटात सापडला होता तो माणूस."

ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना माहीत होती. तेव्हापासून कुणी अनोळखी माणूस जखमीला गाडीत घालताना दिसला की आमची पोरं आधी धावून जायची.

गीताबाई खाली वाकली. मला वाटलं, तिला भोवळ आली. तिनं ढिगातली जाडशी पऱ्हाटी उचलली आणि रंगरावला मारायला लागली. तिनं आयुष्यात पोरांवर हात टाकलेला मी पाहिला नव्हता. ती तानुबाईपेक्षा म्हातारी, पण तिचा मार वाईट होता. तोंड चुकवून मारत नव्हती. कपाळाची चिंधी सुटली, कालची जखम उघडी पडली, रक्त त्याच्या भुवईवरून ओठापर्यंत आलं. रंगराव गुडघ्यांवर बसला म्हणजे तिला हात उंच करावा लागू नये. शेवटी तानुबाईनंच तिचं मनगट धरलं.

"मरन तो," तानुबाई म्हणाली.

दोघी धापा टाकत शेजारी बसल्या. मग तानुबाईनं विचारलं, "पैसे आणतीन म्हणत होता तुमचा वकील."

गीताबाईनं ओच्यावर हात ठेवला. "आणले. पण हे आता पायाचे हायेत. मी तुमच्या दारात बसून सांगतो, यातला एक रुपया नाही देत. मले शरम वाटते, पण नाही देत."

"मग कायले आल्या? माह्या पोराची गाडी जळली, डोळा गेला. हप्ते कोण भरन?"

"हा भरन." गीताबाईनं रंगरावकडे पाहिलं. "आमच्या गावात ज्याच्या हातून लागते, तो बाजेला खांदा देते आन तो माणूस उठेपर्यंत त्याचं घर सांभाळते. हा तुमच्या घरी राहीन. तुमचं वावर करन, ओझं उचलन. कोर्टात जे झालं ते सांगन. जेलात गेला त जाईन. सुटला की पुन्हा इथीच येईन."

"मले याचं तोंड नाही पाहायचं."

"तोंड नका पाहू. काम पाहा."

तानुबाईनं दीपककडे पाहिलं. दीपक म्हणाला, "गाडी नाही आता. बाजारात माल डोक्यावर न्यावा लागते. मले एका डोळ्यानं पायरी समजत नाही." एवढंच म्हणाला. त्यानं रंगरावला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आम्ही दोघी उठलो. रंगराव तिथंच गुडघ्यांवर होता. गीताबाई मागं वळून न बघता एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला पैसे भरले. राजकुमारच्या खाटेशी बसून गीताबाईनं विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव."

"काऊन नाही सांगतलं?"

"सांगून हाड जुळलं असतं काय?" तो छताकडे बघत म्हणाला. "त्यानं मले खांद्यावर बसवून जत्रा दाखवली माय. आन त्यानंच मले पाडलं. दोन्ही गोष्टी मले रोज रात्री दिसतात. मी कोणती सांगू?"

ऑपरेशन झालं. पाय राहिला, पण गुडघा वळणार नाही असं डॉक्टर म्हणाले. दुधाचा धंदा आता रुपाली करते, उरलेल्या एका म्हशीवर. रंगराव अमडापूरला राहिला. बाजारात पोरं त्याला "डोळेकाढ्या" म्हणून हाक मारतात, एकदा कुणी मागून विटेचा तुकडा मारला. तारखेला त्यानं न्यायाधीशापुढं "मीच मारलं" असं सांगितलं. निकाल अजून लागायचा आहे.

राजकुमारला घरी आणलं तेव्हा आमची गल्ली नळासाठी खोदलेली होती. रुग्णवाहिका फाट्यावरच थांबली. माझ्या घरची बाज नेली. पंजाबरावला जिच्यावरून नेलं होतं तीच, सुंभ मात्र नवा. राजकुमारला तीवर निजवलं, पाय चौकटीत ताठ. एका कोपऱ्याला रुपाली आली. दुसऱ्याला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. तिसऱ्याला, कुणी न बोलावता, रामराव दुकानातून उतरून आला आणि मान खाली घालून उभा राहिला. चौथा कोपरा रिकामा होता. हॉटेलासमोर माणसं पुष्कळ होती, पण त्यांच्यातल्या बहुतेकांना तारखा पडलेल्या होत्या आणि कुणालाच कुणाच्या नजरेत यायचं नव्हतं.

तेवढ्यात समोर एसटी थांबली आणि तीतून रंगराव उतरला. गालावरचे ओरखडे काळे पडले होते. तो सरळ चौथ्या कोपऱ्याकडे आला.

राजकुमारच्या उशाशी पाण्याचा स्टीलचा तांब्या होता. त्यानं तो उचलला आणि जोर करून रंगरावच्या तोंडावर फेकला. काठ भुवईच्या वर, कपाळावर बसला. जुनीच जखम, तिथंच पुन्हा फुटली.

"हात लावू नको," राजकुमार म्हणाला. "तुह्या हातानं पडलो मी एकदा."

रंगरावनं रक्त पुसलं नाही. वाकून त्यानं बाजेचा खूर धरला. "या बारीनं नाही पडू देत," तो म्हणाला.

राजकुमारनं आणखी काही फेकायला हात चाचपला. हाताला काही लागलं नाही. मग त्यानं डोळ्यांवर बाही घेतली.

चौघांनी बाज उचलली. रंगराव सगळ्यांत उंच, म्हणून तो वाकून चालत होता, त्याचा कोपरा वर होऊ नये आणि पायावर भार येऊ नये म्हणून. भुवईवरून ओघळणारं रक्त नव्या सुंभावर पडत होतं. खोदलेल्या गल्लीतून गीताबाई पुढं चालली होती आणि वाटेतले खडे पायानं बाजूला सारत होती.